शिक्षक टिकवायला किती पैसे लागतात?

२००१ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने एक साधी योजना आणली. गरीब वस्तीतल्या किंवा निकालात सतत मागे पडणाऱ्या माध्यमिक शाळांत गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षण हे विषय शिकवणाऱ्या प्रमाणित शिक्षकांना वर्षाला १,८०० डॉलर जादा द्यायचे. त्या बदल्यात त्यांनी त्याच शाळेत शिकवत राहायचे. रक्कम डोळे दिपवणारी नव्हती. पगाराच्या चार-पाच टक्के असेल. अंमलबजावणीत तर सावळा गोंधळ होता. कोणती शाळा पात्र आणि कोणता शिक्षक अपात्र, हे कित्येक मुख्याध्यापकांनाही धड सांगता येत नव्हते. तरीही चार्ल्स क्लॉटफेल्टर, हेलन लॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा शिक्षक शाळा सोडून जाण्याचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी घटलेले दिसले. अनुभवी शिक्षकांवर परिणाम जास्त झाला होता. हा निष्कर्ष २००८ मध्ये छापून आला. योजना मात्र तीनच वर्षे चालली. तिचा उपयोग होतो आहे की नाही हे कळण्याआधीच विधिमंडळाने ती गुंडाळली होती.

या विषयावरचे गेल्या पंचवीस वर्षांतले बरेचसे अनुभव याच वळणाने गेले आहेत. पैसा दिला की शिक्षक हलतो, थांबतो. पैसा थांबला की तोही निघतो. आणि पैसा देणारे सरकार बहुधा शिक्षकाच्या आधीच कंटाळते.

मुळात प्रश्न का उभा राहतो? कारण बहुतेक देशांत सरकारी शिक्षकाचा पगार दोनच गोष्टींवर ठरतो: पदवी आणि नोकरीची वर्षे. अमेरिकेत ही पद्धत १९२१ मध्ये डेन्व्हर आणि डे मॉइन या शहरांत सुरू झाली, आणि ती त्या काळी मोठी सुधारणा होती. त्याआधी प्राथमिकच्या शिक्षिकेला माध्यमिकच्या शिक्षकापेक्षा कमी पैसे मिळत, कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्यांपेक्षा कमी. एकाच वेतनश्रेणीने हा उघड पक्षपात मोडायला सुरुवात केली. शिक्षक संघटना आजही ती श्रेणी जिवापाड जपतात, यामागे हा इतिहास आहे आणि त्याची कदर ठेवायला हवी.

पण त्या समान पगाराची दुसरी बाजूही आहे. सुखवस्तू उपनगरातली शाळा आणि मुले उपाशीपोटी येतात ती शाळा, दोन्हींकडे पगार सारखाच. भौतिकशास्त्राच्या पदवीधराला बाहेर दुप्पट पगाराच्या नोकऱ्या खुणावतात आणि भाषेच्या पदवीधराला तशा संधी कमी, तरी शाळेत दोघांचा आकडा एकच. मग सेवाज्येष्ठता मिळाली की शिक्षक सोयीच्या शाळेकडे सरकतो आणि नवखा माणूस सर्वांत कठीण वर्गात जाऊन पडतो. टेक्सासमधल्या शिक्षकांच्या बदल्यांचा अभ्यास करून एरिक हानुशेक, जॉन केन आणि स्टीव्हन रिव्हकिन यांनी २००४ मध्ये दाखवले, की शिक्षकांच्या जाण्यायेण्याशी पगारापेक्षा शाळेतल्या मुलांच्या परिस्थितीचा संबंध जास्त घट्ट आहे. केवळ पैशाने ही ओढ उलटवायची झाली तर काही गटांतल्या शिक्षकांना २० ते ५० टक्के जादा पगार द्यावा लागेल, असा त्यांचा अंदाज होता. अवघड जागेच्या भत्त्याचा विचार करताना हा आकडा मनात ठेवलेला बरा.

पैशाची ताकद आणि तिची मर्यादा ज्या एका प्रयोगात सर्वांत स्वच्छ दिसली, तो अमेरिकेच्या सात राज्यांतल्या दहा जिल्ह्यांत झाला. ज्यांच्या वर्गातली मुले अपेक्षेपेक्षा कितीतरी पुढे जातात अशा वरच्या २० टक्के शिक्षकांना देकार दिला गेला: जिल्ह्यातल्या सर्वांत मागे पडलेल्या शाळेत जा, दोन वर्षे राहा आणि २०,००० डॉलर घ्या. कोणत्या शाळेत असा शिक्षक पाठवायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवले, त्यामुळे तुलना चोख झाली. दीड हजारांहून अधिक शिक्षक पात्र होते. त्यांपैकी हलले फक्त ८१. पण तेवढ्यांनी रिकाम्या जागांपैकी ८८ टक्के भरून निघाल्या. प्राथमिक शाळांत मुलांचे वाचन आणि गणित दोन्ही स्पष्टपणे सुधारले. त्यापुढच्या वर्गांत मात्र काही फरक पडला नाही. पैसे मिळत होते त्या काळात या शिक्षकांपैकी ९३ टक्के शाळेत टिकले. इतर शाळांत त्याच प्रकारच्या जागांवर टिकणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्के होते. शेवटचा हप्ता मिळाल्यानंतरच्या वर्षी हे आकडे ६० आणि ५१ वर आले, म्हणजे फरक जवळपास विरला.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, वीस हजार डॉलरलाही बहुसंख्य चांगले शिक्षक हलत नाहीत. घर, मुलांची शाळा, ओळखीचे सहकारी, ज्याच्यावर विश्वास आहे असा मुख्याध्यापक, हे सगळे त्यांना धरून ठेवते. दुसरी, जे आले त्यांतले साठ टक्के पैसे संपल्यावरही राहिले. दोन वर्षांत शाळा आपली वाटू लागलेलेही त्यांत होते. उत्तेजन फसले असा याचा अर्थ काढणाऱ्यांशी सहमत होणे कठीण आहे. एकदाच दिलेल्या पैशाने कायमची सोय होईल ही अपेक्षा फसली.

डॅलस शहराने पुढचे पाऊल टाकले. २०१५-१६ पासून तिथल्या सर्वांत कमी निकालाच्या शाळांत मुख्याध्यापक आणि शिक्षक नव्याने निवडले गेले. ज्यांचे काम चांगले ठरलेले होते त्यांनाच मोठा वार्षिक भत्ता देऊन तिथे आणले. शाळेचा दिवस लांबवला, शिक्षकांना एकत्र बसून पाठ आखायला वेळ दिला. तळाशी असलेल्या या शाळांचे निकाल काही वर्षांतच जिल्ह्याच्या सरासरीजवळ आले. अशा शाळांच्या बाबतीत असे क्वचितच घडते. मग शाळा सुधारली म्हणून भत्ता जवळपास काढून घेतला गेला. चांगले शिक्षक मोठ्या संख्येने गेले आणि गुण पुन्हा घसरले. मुलाचा ताप उतरला म्हणून औषध बंद करावे आणि ताप पुन्हा चढावा, तसे हे झाले. टेक्सास राज्याने २०१९ मध्ये हे तत्त्व कायद्यात आणले: शिक्षकाचे मूल्यमापन जितके वरचे आणि शाळा जितकी गरीब वा आडगावातली, तितकी राज्याकडून मिळणारी रक्कम मोठी, तेव्हा ३,००० पासून ३२,००० डॉलरपर्यंत.

डेन्व्हरची कथा याच्या उलट बाजूची, आणि ती सांगितल्याशिवाय हा आढावा एकांगी ठरेल. ज्या शहराने समान वेतनश्रेणी सुरू केली, त्याच शहरातल्या मतदारांनी २००५ मध्ये वर्षाला अडीच कोटी डॉलरचा जादा कर स्वीकारला, तोही शिक्षकांना वेगवेगळे बोनस देण्यासाठी. अवघड शाळेचा वेगळा, टंचाईच्या विषयाचा वेगळा, मुलांच्या प्रगतीचा वेगळा, शाळेच्या एकूण निकालाचा वेगळा. शिक्षक संघटनाही सुरुवातीला सोबत होती. पण वर्षे गेली तशी बोनसची गुंतागुंत इतकी वाढली, की पुढच्या वर्षी आपल्याला नक्की किती मिळणार हे शिक्षकाला सांगता येईना. शहरातली घरभाडी चढत होती, आणि बोनसच्या भरवशावर कोणतीही बँक घराचे कर्ज देत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये डेन्व्हरचे शिक्षक तीन दिवस संपावर गेले. जवळपास पंचवीस वर्षांतला तो पहिला संप होता. मागणी साधी होती: बोनस कमी करा, मूळ पगार वाढवा, आणि उद्याचा आकडा आज कळू द्या. प्रशासनाचा मुख्य आग्रह गरीब शाळांचा भत्ता राखण्याचा होता. तडजोडीत मूळ पगार वाढला आणि तो भत्ताही वाचला. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते. जादा रक्कम शिक्षकाला आधीपासून माहीत असेल आणि हप्त्यांच्या हिशेबात बसत असेल, तरच ती त्याच्या निर्णयात उतरते.

विषयांच्या टंचाईचे गणित थोडे निराळे आहे. हवाई बेटांवर विशेष शिक्षणाच्या शिक्षकांची टंचाई जुनीच. जानेवारी २०२० पासून राज्याने या शिक्षकांना वर्षाला सरसकट १०,००० डॉलर जादा द्यायला सुरुवात केली. रिकाम्या जागा साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या. जवळून पाहिल्यावर लक्षात आले, की आधीपासून असलेले शिक्षक जास्त टिकले असे नव्हते. विशेष शिक्षणाची पात्रता असूनही सामान्य वर्गात शिकवणारे शिक्षक आता इकडे वळले होते. म्हणजे ते मनुष्यबळ त्याच राज्यात, कधी त्याच इमारतीत होते. रकमेने ते योग्य वर्गात आणले. ही छोटी गोष्ट नाही.

इंग्लंडमध्ये गणित-भौतिकशास्त्राच्या नव्या शिक्षकांना मिळालेल्या जादा रकमेचा अभ्यास सॅम सिम्स आणि असमा बेनहेंडा यांनी केला. पगारात ८ टक्क्यांची भर पडली त्या वर्षांत सरकारी शाळा सोडण्याची शक्यता २३ टक्क्यांनी घटली, आणि नवा शिक्षक घडवण्यापेक्षा असलेला टिकवणे स्वस्त पडले. प्रशिक्षणाआधीच दिल्या जाणाऱ्या विद्यावेतनाचे चित्र मात्र इतके आश्वासक नाही. २०२३-२४ मध्ये भौतिकशास्त्रासाठी २७,००० पौंडांचे विद्यावेतन जाहीर असूनही शिक्षक-प्रशिक्षणाचे उद्दिष्ट जेमतेम १७ टक्के गाठले गेले. त्या विषयाचे पदवीधरच थोडे असतील तर आकडा वाढवून ते एका वर्षात निर्माण होत नाहीत.

इथे एक घोळ टाळायला हवा. अवघड जागेचा मोबदला आणि निकालावर बक्षीस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॅशव्हिलमध्ये निकाल सुधारल्यास शिक्षकाला १५,००० डॉलरपर्यंत बक्षीस ठेवले होते; तीन वर्षांत मुलांच्या गुणांत एकूण फरक पडला नाही. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांच्या प्रयोगात मात्र पगाराच्या जेमतेम तीन टक्क्यांच्या बक्षिसाने दोन वर्षांत गणित आणि भाषा दोन्हींत चांगली वाढ झाली. शिक्षक आधीच जीव तोडून काम करत असेल तर बक्षीस त्याला आणखी काय करायला लावणार? जिथे कामात ढिलाई आहे तिथे ते उपयोगी पडते. पण शिक्षकच नसलेल्या शाळेत निकालावर बक्षीस कोणाला द्यायचे?

तो प्रश्न गरीब देशांत रोजचा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाने २००६ मध्ये मुख्य रस्त्यापासून तीन किलोमीटरहून दूर असलेल्या दुर्गम प्राथमिक शाळांत मूळ पगाराच्या ३० ते ४० टक्के भत्ता सुरू केला. रस्ता जितका दूर तितका भत्ता जास्त. या शाळांतल्या प्रशिक्षित शिक्षकांचे प्रमाण सुमारे १० टक्केबिंदूंनी वाढले. मुलांच्या शिकण्यात मात्र सरासरीने फरक दिसला नाही. झांबियात २० टक्के ग्रामीण भत्त्यानेही गुणांत फरक पडला नाही. पेरूमध्ये चित्र अधिक उजळ आहे. तिथे पाचशेहून कमी वस्तीच्या आणि शहरापासून दोन तासांहून दूर असलेल्या गावांतल्या शाळांना 'अतिग्रामीण' ठरवून साधारण पाव पगार जादा दिला जातो. शिक्षक आपापल्या गुणांच्या क्रमाने शाळा निवडतात, त्यामुळे भत्त्याचा परिणाम थेट दिसतो: या शाळांना अधिक गुणांचे शिक्षक मिळाले आणि मुलांचे निकालही वर गेले. चांगला शिक्षक पैशासाठी आला म्हणून त्याची शिकवण कमी कसाची होत नाही, हे पेरूने दाखवले. ज्यांना असा भत्ता म्हणजे सेवाभावाचा अपमान वाटतो, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

जागेवर नेमणूक झाली म्हणजे शिक्षक वर्गात आला असे होत नाही. २००३ मध्ये भारतभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी देऊन केलेल्या पाहणीत चारांपैकी एक शिक्षक गैरहजर आढळला होता. महाराष्ट्राचा आकडा सर्वांत कमी होता, सुमारे १५ टक्के, झारखंडचा ४२. त्याच वर्षी उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी केंद्रांत एक साधा उपाय झाला. शिक्षकाला एक कॅमेरा दिला. तारीख-वेळ उमटवणारा, छेडछाड न करता येणारा. शाळा भरताना आणि सुटताना एका मुलाने शिक्षकाचा आणि वर्गाचा फोटो काढायचा. पूर्वी महिन्याचे एक हजार रुपये ठरलेले होते. आता हजेरीच्या दिवसांनुसार ५०० ते १,३०० रुपये मिळू लागले. गैरहजेरी ४२ वरून २१ टक्क्यांवर आली, आणि मुले जास्त शिकली. एस्थर डुफ्लो, रेमा हॅना आणि स्टीफन रायन यांचा हा अभ्यास जगभर गाजला. इंडोनेशियाने २०१६ नंतर पश्चिम कालिमंतान आणि पूर्व नुसा तेंगारा या प्रांतांतल्या दुर्गम शाळांत हीच कल्पना वापरली. तिथे दुर्गम भागाचा भत्ता मूळ पगाराइतका मोठा आहे. तो कॅमेऱ्याने नोंदलेल्या हजेरीशी जोडला आणि गावकऱ्यांच्या समितीला देखरेख दिली, तेव्हा मुलांच्या शिकण्यात स्पष्ट सुधारणा झाली.

जपानची पद्धत सर्वांत शांत आणि सर्वांत जुनी आहे. १९५४ च्या कायद्याने तिथे डोंगराळ भागातल्या आणि बेटांवरच्या शाळांची प्रतवारी होते. स्थानक किंवा बसथांबा किती दूर, दवाखाना किती दूर, टपाल कार्यालय किती दूर, याला गुण देऊन शाळेची श्रेणी ठरते, आणि श्रेणीप्रमाणे पगाराच्या कमाल २५ टक्क्यांपर्यंत भत्ता मिळतो. दक्षिण कोरियात दुर्गम शाळेतल्या सेवेला बढतीचे जादा गुण आहेत. मुख्याध्यापक व्हायचे स्वप्न पाहणारे शिक्षक त्या शाळा मागून घेतात.

महाराष्ट्रात काय आहे? ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त क्षेत्रात काम करणाऱ्या सरकारी आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना दोन गोष्टी दिल्या. पहिली 'एकस्तर', म्हणजे त्या क्षेत्रात असेपर्यंत एक पायरी वरची वेतनश्रेणी. दुसरी, मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता, किमान २०० आणि कमाल १,५०० रुपये. कल्पना उत्तम होती आणि काळाच्या पुढेही. पण आज प्राथमिक शिक्षकाचे सुरुवातीचे मूळ वेतन २९,२०० रुपये आहे. त्याचे १५ टक्के होतात ४,३८०. त्यावर १,५०० ची मर्यादा लावली की भत्ता उरतो पाच टक्के, आणि सेवा वाढेल तसा तोही घटत जातो. जपानचे २५, पेरूचे साधारण तेवढेच, गांबियाचे ३० ते ४० टक्के यांच्याशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. एकस्तरचे मोल यापेक्षा जास्त, पण तिच्यामागे लागलेली कागदपत्रे शिक्षकाला दमवतात. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी, शिक्षकांच्या भाषेत 'चटोपाध्याय', लागल्यावर एकस्तर राहते की जाते? सातव्या वेतन आयोगात तिची वेतननिश्चिती कशी करायची? जादा दिलेल्या रकमेची वसुली करायची का? यावरून निवेदने झाली, मोर्चे झाले, प्रकरणे न्यायालयात गेली. दिलेला पैसा परत मागितला जाण्याची भीती असेल, तर तो पैसा कोणाला थांबवणार?

खरे उत्तेजन वेगळेच आहे, आणि ते बदलीच्या धोरणात दडले आहे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या आणि पुढे ७ एप्रिल २०२१ च्या निर्णयाने जिल्हा परिषदेच्या शाळांची 'अवघड क्षेत्र' आणि 'सर्वसाधारण क्षेत्र' अशी विभागणी झाली. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढली की शिक्षक 'बदली अधिकारप्राप्त' होतो: सोप्या क्षेत्रातली शाळा मागू शकतो आणि तिथे दहा वर्षे काढलेल्याला 'खो' देऊ शकतो. संगणकावर झालेल्या या बदल्यांनी वशिला आणि देवघेव बरीच कमी केली, हे मान्य करायलाच हवे. पूर्वी वीस वर्षे एकाच पाड्यावर अडकलेला शिक्षक आता सुटू शकतो. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच. पण शाळेच्या बाजूने पाहा. सरकारने अवघड शाळेत राहण्याचे बक्षीस ठेवले आहे ते त्या शाळेतून सुटकेचे. तीन वर्षांत शिक्षकाला मुलांची नावे, घरची भाषा, पावसाळ्यातली वाट, कोणाचे आईबाप ऊसतोडीला कधी जातात हे सगळे कळते. ते कळले की त्याच्या निघण्याची वेळ होते. आणि मग त्या जागी संगणकाच्या 'रँडम राउंड'मधून, मनाविरुद्ध, नवा माणूस येतो.

नर्मदेच्या काठची अक्कलकुवा-धडगावची गावे, पर्लकोटेच्या पुराने दर पावसाळ्यात तुटणारे भामरागड, शिवसागर जलाशयापलीकडचे कांदाटी खोरे: इथे शिक्षकाला भाड्याने खोलीसुद्धा मिळत नाही. कित्येक पाड्यांवर घरेच कुडाची, कुटुंबाला पुरती. अशा ठिकाणी 'मुख्यालयी राहण्याची' अट घालायची, घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागायचा, आणि शिक्षक तालुक्याहून अपडाऊन करतो म्हणून त्याला दोष द्यायचा, ही वर्षानुवर्षांची रीत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने गावातच शिक्षकाच्या निवासाची सोय, किंवा वाढीव घरभाडे, हे ग्रामीण शाळेसाठी मुख्य उत्तेजन मानले आणि वारंवार बदल्या थांबवायला सांगितले. दोन्ही सूचना शहाण्या आहेत. शाळेच्या आवारात दोन पक्क्या खोल्या, पाणी आणि स्वच्छतागृह, एवढ्याने एखाद्या शिक्षिकेचा निर्णय फिरू शकतो, जो महिन्याच्या दीड हजाराने फिरणार नाही.

विषयाच्या बाबतीत तर राज्याने उलटाच पायंडा पाडला आहे. सहावी ते आठवीला विषय शिकवण्यासाठी नेमलेल्या शिक्षकांपैकी सर्वांना पदवीधर वेतनश्रेणी मिळत नाही. ती ३३ टक्क्यांपुरती मर्यादित राहिल्याची तक्रार संघटना कधीपासून करत आहेत. विज्ञानाचा पदवीधर तेच काम करतो, शेजारच्या वर्गातला सहकारी वरच्या श्रेणीत आणि हा खालच्या. आश्रमशाळांत विज्ञान-गणिताचे तास वर्षानुवर्षे रोजंदारीवरच्या आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी ओढले. ही पदे बाह्यस्रोतातून भरण्याचा निर्णय झाल्यावर २०२५ मध्ये त्यांनी नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड आंदोलन केले. ज्या वर्गांना सर्वांत पक्का शिक्षक हवा, तिथे सर्वांत कच्ची नेमणूक, हे चित्र बदलल्याशिवाय भत्त्याची चर्चा पोकळ ठरते. शिक्षणसेवकाचेही तसेच. नोकरीची पहिली तीन वर्षे मानधनावर, आणि ते मानधन प्राथमिकला २०२३ पर्यंत ६,००० रुपये होते, आता १६,००० आहे. दुर्गम शाळेत जाणारा नवा तरुण बहुधा याच तीन वर्षांत असतो. म्हणजे सर्वांत अवघड जागेवर सर्वांत कमी मोबदला.

पैशाइतकीच बळकट ओढ घराची असते. न्यूयॉर्क राज्यातल्या शिक्षकांचा अभ्यास झाला तेव्हा ६१ टक्क्यांनी पहिली नोकरी आपल्या मूळ गावापासून १५ मैलांच्या आत घेतलेली आढळली. २०२३ मध्ये रत्नागिरीतून आंतरजिल्हा बदलीने शेकडो शिक्षक एकदम कार्यमुक्त झाले आणि शाळा ओस पडल्या, तेव्हा राज्याने निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपयांवर बोलावण्याचा निर्णय घेतला. कोकणातले स्थानिक डीएड तरुण तेव्हापासून आणि त्याआधीपासून एकच सांगत आहेत: आम्हाला घ्या, आम्ही कुठे जाणार नाही. गोंडी, माडिया, कोरकू, पावरी बोलणाऱ्या मुलांसमोर तीच भाषा बोलणारा शिक्षक उभा राहिला, तर पहिलीच्या वर्गातला अर्धा अडसर दूर होतो. पेसा क्षेत्रातल्या स्थानिक भरतीचा उद्देश हाच आहे, पण ती भरती न्यायालयीन वादात अडकत राहिली. स्थानिक तरुणाला डीएडपर्यंत शिकवण्याची शिष्यवृत्ती आणि पुढे नेमणुकीची हमी, हेही उत्तेजनच आहे, आणि दीर्घकाळात बहुधा सर्वांत स्वस्त.

या सगळ्या अनुभवाला धरून महाराष्ट्रात सुरुवात कुठून करता येईल? बदली पोर्टलवर प्रत्येक शिक्षक पसंतीच्या शाळांची यादी भरतो. कोणत्या शाळांना एकाही शिक्षकाने पसंती दिली नाही, हे त्या नोंदींतून काढता येते. तालुक्याला सरसकट अवघड ठरवण्यापेक्षा या शाळा निवडाव्यात आणि जपानसारखी त्यांची श्रेणी लावावी. भत्ता मूळ वेतनाच्या टक्केवारीत असावा, त्यावर रुपयांची मर्यादा नसावी, आणि तो शिक्षणसेवकालाही मिळावा. मुख्य म्हणजे मोठी रक्कम चौथ्या वर्षापासून सुरू व्हावी, बदलीचा हक्क हाती असूनही जो शिक्षक त्या वर्षी पोर्टलवर अर्ज भरत नाही त्याच्यासाठी. किती टक्क्यांवर शिक्षक थांबतात हे आधीच ठरवून बसण्याची गरज नाही. नंदुरबार, पालघर आणि गडचिरोलीत वेगवेगळे दर ठेवून चार-पाच वर्षांत ते मोजता येईल, आणि योजना गुंडाळायची की वाढवायची हे त्या मोजमापानंतर ठरवता येईल.